चिबा न्यायालयातील घराचा लिलाव: दहा दिवसांचा वृत्तांत

जपानमध्ये कर्ज थकल्यामुळे जप्त झालेली घरे जिल्हा न्यायालये लिलावात विकतात आणि परदेशी नागरिकाला ती घेण्यास सर्वसाधारणपणे आडकाठी नाही, एवढ्या माहितीवर मी चिबाला निघालो. घर घेतल्याने तेथे राहण्याचा परवाना मिळत नाही, हे ठाऊक होते. बोली मेहुण्याच्या नावाने लावायची होती. तो तेथेच नोकरीला असल्याने रहिवासाचा दाखला आणि स्थानिक बँक खाते यांची चिंता नव्हती. ज्यांना असा आधार नाही त्यांनी कोणती कागदपत्रे लागतील हे संबंधित न्यायालयाच्या कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावे आणि मगच तिकीट काढावे.

या लिलावात हातोडा नसतो, बोलीची चढाओढही नसते. ठरावीक मुदतीत मोहोरबंद लिफाफ्यात एकच आकडा द्यायचा, आणि तो दिला की बदलता येत नाही. आमच्या घराची न्यायालयाने ठरवलेली आधारकिंमत 40 लाख येन होती. किमान बोली तिच्या 80 टक्के, म्हणजे 32 लाख, आणि अनामत 20 टक्के, म्हणजे 8 लाख. ही रक्कम आधी बँकेतून भरून तिची पावती बोलीपत्राबरोबर जोडावी लागते. गुन्हेगारी टोळीशी संबंध नसल्याचे प्रतिज्ञापत्रही 2020 पासून सक्तीचे झाले आहे. मेहुण्याला ते लिहिताना हसू आवरेना.

खरे काम फाइलमध्ये असते. प्रत्येक मालमत्तेची तीन कागदपत्रे न्यायालयात पाहायला मिळतात आणि बहुतेकांच्या प्रती ‘बीआयटी’ या संकेतस्थळावरूनही उतरवता येतात: मालमत्तेचे व तिच्यावरील हक्कांचे विवरण, प्रत्यक्ष स्थितीचा छायाचित्रांसह अहवाल आणि मूल्यांकन. घर आतून दाखवले जात नाही, त्यामुळे अहवालातील छायाचित्रांवरच विसंबावे लागते. ती काही महिन्यांपूर्वीची असू शकतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही उचिबो मार्गाने गोई स्थानकापर्यंत जाऊन घर बाहेरून पाहिले. छायाचित्रांत कोरडी दिसणारी पश्चिमेची भिंत आता हिरवी पडली होती आणि विजेचा मीटर चालू होता, म्हणजे आत कोणीतरी राहत असावे. आम्ही दार वाजवले नाही आणि कोणी वाजवूही नये. तो अधिकार पैसे भरण्यापूर्वी बोलीदाराला नसतो.

रस्ता मात्र आम्ही टेप लावून मोजला. शहरी नियोजनाच्या हद्दीत किमान 4 मीटर रुंद रस्त्याला भूखंडाची 2 मीटर बाजू लागून नसेल, तर जुने घर पाडून नवे बांधण्याची परवानगी सहसा मिळत नाही, आणि स्वस्त घरांमागे बहुधा हेच कारण निघते. आमच्या भूखंडाची बाजू जेमतेम पुरेशी होती. बांधकामाच्या परवान्याची तारीखही तपासावी, कारण भूकंपरोधक बांधकामाचे सुधारित निकष 1 जून 1981 पासून लागू झाले. सदनिका घेणार असाल, तर आधीच्या मालकाची देखभाल शुल्काची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल होते, हे आकडा ठरवतानाच धरावे.

आत राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक सतावत होता. रक्कम भरल्यावर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत न्यायालयाकडे ताबा मिळण्याच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. आदेश मिळूनही तो माणूस हलला नाही, तर अंमलबजावणीचा खर्च आधी आपल्यालाच भरावा लागतो, आणि आतील कपाटे, गाद्या, भांडी आपल्या मालकीची होत नाहीत. शिवाय घरातील दोषांबद्दल न्यायालय कोणतीही हमी देत नाही. हे सर्व धरून आम्ही 45 लाख 60 हजार लिहिले. मेहुण्याला 50 लाखांच्या पुढे जायचे होते. ओल्या भिंतीमुळे मी अडून बसलो.

लिफाफे उघडण्याच्या दिवशी न्यायालयात हजर राहणे बंधनकारक नाही, तरी आम्ही गेलो. अधिकाऱ्याने एकेक आकडा शांतपणे वाचला. सहा बोली होत्या आणि सर्वांत मोठी 51 लाखांची होती. मेहुणा माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. अनामत पुढे त्याच्या खात्यात परत आली. जिंकलो असतो, तर उरलेली रक्कम न्यायालयाने दिलेल्या मुदतीत भरावी लागली असती, आणि ती चुकली की अनामत जाते. म्हणून कर्जावर अवलंबून असणाऱ्यांनी बँकेचा होकार बोलीपूर्वीच घेऊन ठेवावा.