मातीचा घुमट आणि निऑनची अक्षरे

मारिओ मेर्झ (1925–2003) या इटालियन शिल्पकाराने 1968 साली पहिला इग्लू उभारला. धातूच्या सांगाड्यावर मातीने भरलेल्या पिशव्या रचून त्याने अर्धगोल घुमट केला आणि व्हिएतनामी सेनानी जाप यांचे एक वचन निऑनच्या नळ्यांत त्याभोवती फिरवले. शत्रूने सैन्य एकवटले तर त्याची भूमी जाते आणि विखुरले तर बळ जाते, असा त्याचा आशय आहे. ते घुमटाभोवती चढत जाते, त्यामुळे संपूर्ण वाचायचे तर पाहणाऱ्याला प्रदक्षिणाच घालावी लागते. मला ही योजना विलक्षण वाटते.

पुढच्या इग्लूंमध्ये दगडाच्या ओबडधोबड फरश्या, काटक्यांच्या मोळ्या आणि काच आली. अनेक ठिकाणी हे तुकडे सांगाड्याला साध्या शिकंज्यांनी धरलेले दिसतात. जोड लपवण्याचा प्रयत्न नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. 1970पासून त्याने निऑनमध्ये इटालियन गणितज्ञ फिबोनाचीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याही मांडल्या, ज्यांत प्रत्येक पुढची संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते: 1, 1, 2, 3, 5, 8. (हाच क्रम बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या संदर्भात फिबोनाचीच्या आधीच सांगितला होता.) पाइनच्या फळावरील खवल्यांची वळणे मोजली तरी बहुधा याच क्रमातल्या संख्या येतात, म्हणूनच काटक्यांशेजारी उजळणारे हे आकडे मला उपरे वाटत नाहीत.