वकील त्याच्या बाजूचा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सात वर्षं इमानाने पाळलं. मागच्या महिन्यात चढलो, तीही दुसऱ्याच्या कामासाठी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई मूळच्या गयानाच्या. "सोबत येता का? एकटीला धीर होत नाही," म्हणाल्या.

प्रकरण त्यांच्या भावाचं. स्किझोफ्रेनिया आहे. इस्पितळातून सुटला की महिनाभरात गोळ्या बंद, मग बेघरांचं शेल्टर सोडायचं, मग ई ट्रेन. ही गाडी जमैकापासून वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत सगळी जमिनीखालून जाते, रात्रभर चालते, त्यामुळे जानेवारीतही ऊब. रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनला मी त्याला कितीदा तरी पाहिलं होतं. कोट उलटा घातलेला, अस्तर बाहेर. हा बाईंचा भाऊ, हे नंतर कळलं. तोवर मी डबा बदलत असे.

इथे 'केंड्राज लॉ' नावाचा कायदा आहे. जानेवारी १९९९ मध्ये केंड्रा वेबडेल या ३२ वर्षांच्या मुलीला तेविसाव्या स्ट्रीटच्या स्टेशनवर एका मनोरुग्णाने गाडीखाली ढकललं. त्याच वर्षी कायदा झाला: माणूस इस्पितळाबाहेर राहील, पण उपचार कोर्टाच्या हुकमाने. मारणारा स्वतः उपचारासाठी दारं ठोठावत होता आणि त्याला पुनःपुन्हा परत पाठवलं जात होतं. त्यावर कायदा निघाला तो सक्तीचा! असो.

अट अशी, की औषध सोडल्यामुळे छत्तीस महिन्यांत निदान दोनदा भरती व्हायला हवी, नाहीतर हिंसा घडलेली हवी. सख्ख्या बहिणीला अर्जाचा हक्क आहे. आणि अर्ज कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, करायचा? माणूस जिथे आहे, किंवा असावा असं वाटतं, तिथे. बेघर माणसाचा पत्ता कायद्याने इतका नेमका लिहिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

बाईंच्या अर्जाच्या सुनावणीत मी चक्रावलो ते भावाच्या वकिलामुळे. वकील राज्याच्या पगारावरचा, मेंटल हायजीन लीगल सर्व्हिसचा, आणि बाजू मांडतोय बाईंच्या विरुद्ध. डॉक्टरला त्याने सरळ धारेवर धरलं. "या औषधाने माझ्या अशिलाचे हात थरथरतात, हे त्याने किती वेळा सांगितलं? औषध बदलून पाहिलंत?" डॉक्टर कागद चाळत बसले. इकडे बाईंच्या हातातल्या रुमालाचा बोळा झालेला. मला वकिलाचा संतापच आला. बहीण भावाला वाचवू बघतेय आणि सरकार तिच्याशी भांडायला माणूस देतं! पण भाऊ मान वर करून ऐकत होता. आपले हात त्याने टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

तेव्हा मला आमचा काका आठवला. आजी रोज खलबत्त्यात त्याची गोळी कुटायची आणि वरणात कालवायची. कोर्ट नाही, वकील नाही, हात थरथरतात का असं विचारणारंही कोणी नाही. आपल्याकडे आता २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, संमती, आगाऊ निर्देश (पुढे कसे उपचार हवे-नको ते आधीच लिहून ठेवणं), सगळं त्यात आहे. आजीच्या चुलीपर्यंत तो पोचला असता असं मला वाटत नाही. पण काका शेवटपर्यंत माडीवरच्या खोलीत, स्वतःच्या गादीवर झोपला. रस्त्यावर आला नाही. हे मी इथल्या मित्रांना जरा ताठ मानेनेच सांगतो. माडीच्या दाराला बाहेरून कडी होती, ते सांगत नाही.

न्यायाधीशांनी हुकूम दिला. आता नर्सबाईंची टीम त्याला असेल तिथे गाठणार. तो नाही म्हणाला तर या हुकमाच्या जोरावर सुई टोचता येत नाही. फार तर इस्पितळात नेऊन बहात्तर तास तपासणीसाठी ठेवता येतं. आणि घर? उपचाराच्या योजनेत राहण्याच्या सोयीचा रकाना असू शकतो, पण रकान्यात लिहिलं म्हणून खोली उगवत नाही. नाव यादीत आहे. १९८१ च्या कोर्टातल्या तडजोडीपासून या शहराला मागणाऱ्याला रात्रीची खाट द्यावी लागते, त्या खाटेवरूनच त्याचे बूट चोरीला गेले होते. म्हणून तर तो गाडीत.

परवा ई ट्रेनमध्ये दिसला. कोट सुलटा होता. मी डबा बदलला नाही, पण बोललोही नाही.

रात्री आईला फोन केला. विचारलं, काकाला वरणातल्या गोळीचं कधी कळलं होतं का गं?

"न कळायला काय झालं? वरण त्याने केव्हाच सोडलं होतं. ताकभात खायचा."

"मग?"

"मग आजी ताकात घालायला लागली."