रिपोर्ट नॉर्मल आहे

सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला. आईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली, हे रात्री सराफ्यातून जिलबी घेऊन आले, आणि मी न्हाणीघराचं दार लावून रडून घेतलं. आनंदानं नाही. का ते मलाही नीट सांगता येत नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलेय.

गाठ नाही, फायब्रॉइड नाही, दोन्ही अंडाशयं व्यवस्थित. देवाची कृपाच म्हणायची. पण मग ओटीपोटात कळ येते ती काय आहे? परवा पोळ्या करताना अशी आली की लाटणं ठेवून ओट्याला धरून उभी राहिले. तव्यावरची पोळी करपली. पाळीला अजून बरेच दिवस आहेत. आता रिपोर्टच म्हणतोय काही नाही, तर यापुढे दुखलं तर सांगायचं तरी कुणाला?

सेंटरवर पाणी पिऊन पिऊन, लघवी तुंबवून बाकावर बसले होते. आजूबाजूला सगळ्या पोटुशा. त्यांच्याकडे बघितलंच नाही. मागच्या श्रावणातलं ते सगळं... जाऊ दे. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "दीदी, अभी पीरियड चल रहा है?" नाही म्हटलं. "फिर दर्द किस बात का?" तिच्या मनात काही नसणार, पुढचा नंबर पुकारायची घाई होती तिला. मला मात्र ते लागलं. घरीही तेच. पाळीच्या दिवसांत आई स्वतःहून गरम पाण्याची पिशवी आणून देतात, "पड थोडी" म्हणतात. तीच कळ एरवी आली की गॅस. ओवा खा, बेंबीला हिंग लाव. म्हणजे दुखायलाही माझे ठरलेले दिवस आहेत आणि बाकीच्या दिवसांत मी नुसती कुरकुरी.

आज डॉक्टरबाईंकडे रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मनाची तयारी करूनच गेले होते की या पण हसून पाठवणार. त्यांनी पाकीट उलटं केलं आणि मागे पेनानं काढून दाखवलं. पुढे मूत्राशय, मधे गर्भपिशवी, मागे आतडं, खाली या सगळ्यांना तोलून धरणारे स्नायू. एवढ्याशा जागेत सगळे खेटून. मेंदूकडे जाणाऱ्या नसांच्या वाटाही एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळे दुखतंय आतडं आणि वाटतंय गर्भपिशवी, असं सहज होतं. म्हणाल्या, "सोनोग्राफीत गाठी दिसतात, पिशवीचा आकार दिसतो. आवळून बसलेला स्नायू त्यात दिसत नाही, चिडलेलं आतडं दिसत नाही. एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपकेही बऱ्याचदा दिसत नाहीत." हा आजार पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना असतो, आणि निदान व्हायलाच कित्येकींची वर्षं जातात. गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं आणि पाळी नसतानाही छळतं.

मग त्या विचारत गेल्या. दोन पाळ्यांच्या मध्यावर, एकाच बाजूला दुखतं का? बीज सुटताना असं दुखतं, काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत थांबतं. लघवीला जळजळ? शौचाला जाऊन आल्यावर बरं वाटतं का? पांढरं जातं का, वास येतो का, ताप? संबंधांच्या वेळी दुखतं का? हा शेवटचा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

आणि शाळेत किती वेळ लघवी रोखून धरता? मी गप्प झाले. सकाळी घरून निघाले की दुपारी परत येईपर्यंत. आमच्याकडे सगळ्याच मॅडम तशाच करतात, त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. सतत आवळून धरून खालचे स्नायू सैल सोडायचंच विसरतात आणि मग त्यांच्यातच पेटके येतात, असं म्हणाल्या. त्यावर फिजिओथेरपी असते हे मला आज कळलं.

परत येताना रिक्षात राजवाड्याच्या गर्दीत अडकले, तेव्हा डोक्यात पुन्हा तेच. नाव मिळालं नाहीच. पण कालच्यासारखं रडू येईना. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, यादी करून एकेक खोडायला घेतलं, एवढ्यानंसुद्धा माणूस सावरतं. नाव नसेल तर नसेल सध्या. दुखणं खरं आहे.

संध्याकाळी भाचीला फोन केला. होस्टेलवर असते, दुखलं तरी अंगावर काढते. तिला बजावलं की एकदम असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही, अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं तर अपेंडिक्स. पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखून चक्कर आली, खांदा दुखला, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, सरळ हॉस्पिटल. "मावशी, हे मला कशाला सांगतेस?" म्हणाली. म्हटलं, ऐकून ठेव.

बाईंनी वही घालायला सांगितलीय. कधी दुखलं, कुठल्या बाजूला, पाळीचा कितवा दिवस, खाल्ल्यावर की लघवीनंतर. पहिली नोंद केली: डावीकडे, टोचल्यासारखं, जेवणानंतर, पडल्यावर कमी. पुढच्या वेळी यांना आत घेऊन जाणार आहे, बाहेर मोबाइल बघत बसायचं नाही. आणि बाईंना विचारायचंय, लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं आत बघणं, लागेल का, की आधी फिजिओथेरपी करून बघायची.