गाडी पाच महिन्यांत तयार, बोजा उतरायला नऊ महिने

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही बोलेरो पिकअप २००७ साली घेतली. मोहोळ-माढा भागातला कांदा भरायचा आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात आणून टाकायचा, हा त्यांचा धंदा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. २०२२ ला आप्पा गेले. त्यानंतर भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. मी त्याला दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवलं.

मी पॉवरलूमवर जॉबर आहे. माग अडला की खोलायचा आणि चालता करून द्यायचा, हेच रोजचं काम. त्यामुळे पान्याची भीती नव्हती. आप्पांच्या गाडीचं काम वर्षानुवर्षं बघणारे चाचा म्हणाले, "बेटा, ब्लॉक शाबूत असेल तर बाकी सगळं होतं. आधी उघड."

२०२४ च्या एप्रिलमध्ये उघडली. काम पहाटे पाच ते आठ, कारण मे महिन्यात आमच्याकडे नऊनंतर उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. चेनकप्पी भाड्याने आणून इंजिन उतरवलं. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा चिकटल्या होत्या, ब्लॉक मात्र शाबूत होता. ब्लॉक आणि क्रँक लेथवर दिले, पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट नवी टाकली. इंजिनाला डिझेल देणारा पंप आणि नोझल मात्र त्या कामाच्या मेकॅनिककडेच द्या, ते घरी उघडायचं काम नाही. सगळं बसवून पहिला स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं फिरत राहिलं. डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली होती. फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढली आणि चौथ्या स्टार्टरला गाडी बोलली. आई ओट्यावर शेंगा निवडत होती, ती सूप खाली ठेवून उठून उभी राहिली.

हौदा पार सडला होता. तळाला चेकर प्लेट मारली, बाजूचे पत्रे बदलले आणि मावसभावाच्या चादरींचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून ताडपत्रीसाठी काढता-घालता येणारा पाइपचा सांगाडा केला. हौद्याची मूळ लांबी-रुंदी एक इंचही बदलली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरबदलाचे नियम आहेत, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. इंजिनही तेच ठेवलं, त्यामुळे इंजिन नंबर तोच राहिला. दुसरं बसवलं असतं तर त्याची आधी परवानगी आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंद, हे आलंच.

ऑगस्टमध्ये रंग झाला. आता गाडी माझ्या नावावर करायची. मालक वारल्यावर वारसाच्या नावाने करायला फॉर्म ३१ लागतो. नियमाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. मी फार उशीर केला होता, त्याचे जे पैसे पडले ते भरले. मृत्यू दाखला, आईचं आणि बहिणीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, एवढं जमवलं. आणि आरसी नीट वाचली तेव्हा दिसलं, त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच आहे.

आप्पांनी शेवटचा हप्ता २०११ ला भरला होता. पण त्यानंतर कंपनीची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हप्ते संपले म्हणजे गाडी आपली, असं ते धरून चालले. तेरा वर्षं कुणाला काही अडलं नाही.

त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "एनओसी कर्जदारालाच मिळते, त्यांना घेऊन या." मी मृत्यू दाखला पुढे केला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "मग कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा." फिटलेल्या कर्जाच्या एका कागदासाठी कोर्ट. दुसऱ्या खेपेला खातंच सापडेना, जुन्या सिस्टीममधलं आहे म्हणाले. तिसऱ्या खेपेला सापडलं आणि त्यावर ४१२ रुपये दंड बाकी निघाला. मी तिथंच उभा राहून थरथरत होतो. आप्पा एक हप्ता चुकू नये म्हणून ऐन पावसात पोती ओढायचे, त्यांच्या नावावर बाकी?

घरी येऊन गाडीचा डॅशबोर्डचा कप्पा उपसला. प्लास्टिकच्या पिशवीत, तुळजापूरच्या कुंकवाच्या पुडीशेजारी सगळ्या पावत्या तारखेवार लावलेल्या. शेवटच्या पावतीवर त्याच कंपनीच्या शिक्क्यासह लिहिलेलं, बाकी शून्य. ती दाखवल्यावर ४१२ चा विषय संपला. पण फाइल पुण्याला जाईल म्हणाले. गेली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. फोन केला की साहेब बदलले, प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगायचं. दर खेपेला माझी अर्धी पाळी बुडायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मावसभावाचा चादरींचा स्टॉल असतो, तिथं गठ्ठे याच गाडीतून न्यायचं मी ठरवलं होतं. नाव बदलल्याशिवाय विमा नाही, विम्याशिवाय पासिंग, म्हणजे आरटीओची गाडी तपासणी, नाही. गाडी रंगवून दारात उभी आणि गठ्ठे भाड्याच्या टेम्पोतून गेले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

जे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं ते मी जानेवारीच्या शेवटी केलं. तोंडी बोलणं बंद केलं. लेखी तक्रार दिली, मृत्यू दाखला, शेवटची पावती, प्रतिज्ञापत्रं जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच द्यायला ते तयार नव्हते. मी खुर्चीतून उठलो नाही. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ही योजना २०२१ पासून आहे. तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एकतिसाव्या दिवशी मी तक्रार टाकली. वकील लावला नाही, भाचीने मोबाइलवरून भरून दिली. कर्जदार वारला तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत ठरवून वेबसाइटवर ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलंय. तेही अर्जात लिहिलं. एप्रिलमध्ये कंपनीचा स्वतःहून फोन आला, एनओसी तयार आहे. कोर्टाच्या वारस प्रमाणपत्राचं नावही कुणी काढलं नाही.

आनंदाने घेतली, घरी येऊन आरसीशी ताडून बघितली, तर चॅसिस नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर. सतरा आकडी-अक्षरी चॅसिस नंबरात ओ, आय आणि क्यू ही अक्षरं नसतातच, शून्य आणि एकशी घोळ होऊ नये म्हणून. तो कागद तसाच आरटीओच्या खिडकीवर दिला असता तर अर्ज परत आला असता. दुरुस्त कागद यायला आणखी तीन आठवडे. म्हणून सांगतो, एनओसी हातात पडल्यावर तिथंच उभं राहून एकेक अक्षर वाचा. तिच्यावरची मुदतही बघा, माझ्या कागदावर तीन महिने छापले होते. फॉर्म ३५ च्या दोन प्रती, दोन्हींवर कंपनीची मूळ सही आणि शिक्का घ्या. झेरॉक्स घेऊन निघू नका.

पुढचं सगळं मे महिन्यात उरकलं. बोजा उतरला, नाव चढलं, विमा झाला. पासिंगला ब्रेक आणि दिवे बघितले, हौदा मोजला, झालं.

रंगाच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. चॅसिसवर कोरलेल्या नंबरावरचा गंज काढायला ग्राइंडर लावू नका, नंबर पुसट झाला तर नवीनच संकट. मी रॉकेलचा बोळा आणि पितळी ब्रश वापरला, आणि रंगाआधी कागद ठेवून पेन्सिलने छाप घेऊन ठेवली. जुन्या गाडीचं काम काढणार असाल तर पान्याला हात लावायच्या आधी आरसीवरचा फायनान्सचा रकाना वाचा. मी आधी वाचला असता तर इंजिन लेथवर असतानाच तक्रार गेली असती आणि गड्डा चुकला नसता.

नवीन आरसीवर तो रकाना आता रिकामा आहे. मालक म्हणून माझं नाव, आणि त्याखाली वडिलांच्या नावाच्या ओळीत आप्पा. आईने ती जुन्या पावत्यांच्या पिशवीत, कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवली आणि कप्पा लावून घेतला.