कपावरची चिचुंद्री

माझ्या ऑफिसातल्या टेबलावर एक कप असतो. त्यावर एक काळा, गोलमटोल प्राणी आहे: लाल नाक, डोक्यावर मोजून तीन केस आणि अंगात निळी विजार. नवा माणूस आला की पहिल्याच चहाला विचारतो, ‘भिया, ये छछूंदर को पैंट किसने पहना दी?’ मराठी मंडळी जरा सभ्यपणे, ‘ही चिचुंद्री कसली हो?’ मी सांगायला लागतो, त्यांचा चहा संपतो, माझी गोष्ट संपत नाही. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाची लिहूनच टाकतो.

साल 1984 असावं, मी सहा वर्षांचा. आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात राहायचो, बाबा मिलमध्ये विणाई खात्यात. टीव्ही समोरच्या काकूंकडे. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्यापुढे निळ्या प्लॅस्टिकचा पत्रा लावलेला. त्या पत्र्यातून बातम्या निळ्या, क्रिकेट निळं, चित्रहारमधली नटीसुद्धा निळी. एका संध्याकाळी त्यावर एक कार्टून लागलं. एक काळं, उंदरासारखं जनावर. त्याला विजार हवी असते. झाडाला फुलं येतात, मुंग्या कापड विणतात, एक खेकडा कापड कापतो, पक्षी चोचीने शिवतो. मग जनावर विजार घालून हिंडतं. बस. पुन्हा ते कधी दिसलं नाही.

रात्री बाबा सेकंड शिफ्ट करून आले तेव्हा मी जागाच होतो. मुंग्या कापड विणतात म्हणून सांगितलं. बाबा हात धुता धुता म्हणाले, ‘मग आता आम्हाला घरी बसवतील.’ काही वर्षांनी ते खरंच घरी बसले. मिल बंद पडली ती मुंग्यांमुळे नव्हे, हे मला आता कळतं; तेव्हा काही दिवस मनात शंका होती.

लहानपणचं एखादं गाणं अर्धवट आठवलं तर गुणगुणून दाखवता येतं. कार्टूनचं तसं नाही. तुम्ही काळा उंदीर, निळी विजार असं वर्णन करता आणि समोरचा तुमच्याकडे बघत राहतो. मी ज्याला ज्याला विचारलं, त्याने ठामपणे एकच उत्तर दिलं: ‘अरे, ते एक चिडिया, अनेक चिडिया!’ नाही हो, ते नाही. ते फिल्म्स डिव्हिजनचं, 1974 चं, विजया मुळे यांनी केलेलं, आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. ते कुणी विसरलेलंच नाही, मग शोधायचं काय? त्यात विजार नाही, आणि मला विजारच हवी होती. एका मित्राने ‘मोगली असेल’ म्हटलं. मोगलीच्या अंगावर काय होतं ते सगळ्या देशाला पाठ आहे.

इंटरनेट आल्यावर वाटलं, आता सापडेलच. वर्षानुवर्षं, आठवण येईल तेव्हा, मी उंदीर आणि निळी पँट असं इंग्रजीत लिहून शोधायचो. उंदरांच्या कार्टूनला जगात तोटा नाही. एकजात सगळे विजारीतले, पण माझा त्यांत नव्हता. मग छछूंदर घालून पाहिलं. तेही फुकट. खरी अडचण अशी की या प्राण्याची आणि आपली गाठच पडलेली नाही. जमिनीखाली बोगदे खणत राहणारा, मातीचे ढीग वर टाकणारा हा ‘मोल’ आपल्या माळव्यात नसतो. घरात चिकचिक करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री वेगळी. ज्याला बोलीत धड नाव नाही, त्याला शोधायचं कुठल्या नावाने?

शिवाय माझा एक पुरावा तर खोटाच होता. विजार निळी आहे हे मी छातीठोकपणे सांगायचो. एकदा ताईने फोनवर विचारलं, ‘काकूंच्या टीव्हीवर निळं नव्हतं काय रे?’ मी गप्प. चित्रहारमधली नटी निळी होती हे मला चांगलं आठवत होतं, तरी विजारीचा निळा मी खरा धरून बसलो होतो. त्यानंतर दोन-तीन वर्षं मी शोधलंच नाही.

सापडलं ते एका जन्माष्टमीला, रामबागेत आत्याकडे. रात्री बाराला पाळणा हलवून झाला, सुंठवडा हातावर पडला, आणि आत्याने कृष्णाष्टक सुरू केलं. आमच्या घरी आजी ते रोज म्हणायची. मला ते अर्थाशिवाय येतं, जसं पाढे येतात. दुसरा श्लोक, ‘अतसीपुष्पसंकाशं’. शेजारी बसलेल्या भाचीने मध्येच विचारलं, ‘आजी, अतसी म्हणजे काय?’ आत्या न थांबता, पुढच्या दोन ओळींच्या फटीत म्हणाली, ‘जवस गं. फूल निळं असतं.’

मला आजी आठवली. काकूंच्या घरी, टीव्हीसमोर, पोलकं शिवत बसलेली. कार्टूनमध्ये फुलं आली तेव्हा तिने चष्म्यावरून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, ‘अगं बाई, हा तर जवस.’ मोठ्यांना कार्टूनमधलं झाड ओळखू येतं याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं. आजीचं माहेर शेतकऱ्याचं. जवसाचं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात, म्हणून पहाटे शेतावर जाऊन बघायचं, असं ती सांगायची. आणि इतकी वर्षं हा शब्द आठवड्यातून तीनदा माझ्या ताटात होता, चटणी म्हणून.

आत्याच्या जिन्यात उभं राहून मी फोनवर उंदीर सोडून दिला आणि इंग्रजीत जवस, विजार, कार्टून एवढंच लिहिलं. पहिल्याच ओळीत उत्तर. चेकोस्लोव्हाकियातलं कार्टून, 1957 चं, मोलला विजार कशी मिळाली याची गोष्ट. करणारे झ्देनेक मिलेर, प्राग. कळलं ते असं की त्यांना मुलांसाठी जवसापासून कापड कसं तयार होतं हे दाखवणारी फिल्म करायची होती. त्यासाठी एखादा प्राणी हवा होता, डिस्नीने आधी न वापरलेला. विचार करत फिरायला गेले आणि मोलने वर टाकलेल्या मातीच्या ढिगाला अडखळले. म्हणजे गोष्ट मुळात जवसाचीच. मोल नंतर आला. मी पंचवीस वर्षं नंतर आलेल्याला शोधत होतो.

त्या फिल्मला व्हेनिसच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, आणि पुढे हा मोल मिलेर यांच्या कुंचल्यातून जवळपास आयुष्यभर येत राहिला. पुढच्या बऱ्याच गोष्टींत तो विजारीशिवायच हिंडतो. इतका खटाटोप करून मिळवलेली विजार गेली कुठे, हे मला अजून खटकतं. 2011 मध्ये फ्यूस्टल नावाच्या अमेरिकन अंतराळवीराने त्याचं छोटं बाहुलं एन्डेव्हर यानातून अवकाशात नेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिलेर गेले, नव्वदीचे होऊन.

त्याचं चेक नाव ‘कृतेक’. मी मुद्दाम ऋकार लिहिला. चेक भाषेत तिथे स्वर नाहीच, नुसता र जिभेवर घोळतो, आपला संस्कृतातला ऋ मुळात तसाच होता म्हणतात. आम्ही इंदूरकर शाळेत ‘क्रिष्ण’ म्हणायचो आणि घरी ‘क्रुष्ण’, गुरुजींचाही मार आणि आजीचाही. खरा उच्चार प्रागच्या पोरांना येतो.

जिन्यातच मी ते लावलं. तेरा मिनिटांचं आहे. विजार निळी होती. खरीखुरी निळी, बेरीच्या रसात रंगवलेली. पत्र्याने मला फसवलं नव्हतं, किंवा फसवलं ते नेमकं खऱ्याच रंगाने. खेकडा मात्र खेकडा नव्हता, झिंग्याच्या जातीतला निघाला, पण नांग्यांनी कापड तसंच कापतो. साडेअकराच वाजले असते तर ठीक होतं, पण पाऊण वाजता मी पुण्याला ताईला फोन केला. ती घाबरून उठली. मी म्हटलं, ‘सापडलं.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘त्याला दोन मोठे खिसे होते ना रे?’ होते. त्याला विजार हवी असते ती खिशांसाठीच, गोळा केलेल्या वस्तू ठेवायला. मला फुलं लक्षात राहिली, तिला खिसे. आईने तिच्या फ्रॉकला कधी खिसा शिवला नाही, हे तिने त्यानंतर दहा मिनिटं सांगितलं. कप तिनेच पाठवला, तिच्या मुलीने प्रागहून आणलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर बाबांना फोनवर दाखवलं. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा कपाळावर ठेवून फोन डोळ्यांना चिकटवून बघतात. जवस पाण्यात कुजवायला घातला तेव्हा म्हणाले, ‘कापसाला ही भानगड नाही.’ काटेवाल्या प्राण्याच्या पाठीवर तंतू विंचरले तेव्हा मान डोलावली. कोळ्याने सूत कातलं, तेही मंजूर. मुंग्या आल्या तसे जरा सरसावून बसले.

‘ताणा कुणी भरला?’

‘मुंग्यांनीच भरला असेल, बाबा.’

‘आणि कांजी? कांजी न देता ताणा मागावर चढवला की पटापट तुटतो.’

मी म्हटलं, लहान मुलांचं आहे, कांजी दाखवली नसेल.

‘परत लाव,’ बाबा म्हणाले. ‘मुंग्यांपासून.’