कडेपासून दोन हात

"तुम्हाला भीती नाही वाटत का हो, एवढ्या रहदारीत सायकलवर?"

अकरा वर्षं झाली बडोद्यात सायकलने फिरतेय, हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यातही ज्यांच्या मुली आठवी-नववीत गेल्या आहेत अशा आया. गेल्या आठवड्यात खंडेराव मार्केटपाशी तुम्ही विचारलंत. मुलीला वाडीतून रावपुऱ्यात ट्यूशनला सायकलने जायचंय आणि तुमचा धीर होत नाही. तेव्हा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, आभाळ भरून आलं होतं. "सवय होते हो," एवढंच म्हणून मी निघाले. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. कारण खरं तसं नाही. म्हणून आता नीट सांगते.

भीती वाटायची. दांडिया बाजारातलं घर ते जुन्या पादरा रोडवरचं माझं ऑफिस, साडेचार किलोमीटर. पहिलं सगळं वर्ष मी जीव मुठीत धरून, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालवली. मागून हॉर्न वाजला की आणखी कडेला. वाटायचं, आपण बारीक होऊन गेलो की कुणाला अडचण नाही आणि आपल्यालाही धोका नाही. मग एका सकाळी अकोट्यात, उभ्या असलेल्या मोटारीचं दार माझ्या तोंडावर उघडलं. मनगट मोडलं, महिनाभर प्लास्टर. गाडीतला माणूस बिचारा स्वतः घाबरला होता, त्यानेच मला दवाखान्यात नेलं. वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बेन, तुम्ही दिसलाच नाहीत."

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. दिसले नाही, कारण दिसू नये अशाच जागी मी चालवत होते.

रस्त्याची कडा काय असते, ते चालत जाताना एकदा बघा. तिथे वाळू साचलेली असते, गटाराची झाकणं वरखाली बसलेली असतात, भाजीच्या आणि सेवउसळीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या असतात, उभ्या गाड्या असतात. मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. कडेने जाणाऱ्या सायकलवाल्याला दर वीस पावलांवर यातलं काहीतरी चुकवायला उजवीकडे सरकावं लागतं, आणि मागून येणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळचं ते सरकणं अचानक असतं. शिवाय कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसून जाऊ. मग तो कोपराला घासून जातो.

हात बरा झाल्यावर मी कडेपासून आणि उभ्या गाड्यांपासून दोन हात अंतर ठेवून चालवायला लागले. दोन हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचे आपले जुने हात, साधारण तीन फूट. तेवढ्या अंतरावर सरळ रेषेत. गाडी लागली तरी सरळ, मोकळी जागा आली तरी सरळ. पहिले चार दिवस पोटात गोळा यायचा, कारण हॉर्न वाजायचे. पण एक फरक लगेच कळला. हॉर्न लांबून वाजायचे. म्हणजे मी लांबून दिसत होते. स्कूटरवाला लांबूनच ठरवतो की हिला वळसा घालून जायचं, आणि तसाच जातो. मुलीला शिकवायचं असेल तर सगळ्यात आधी हे शिकवा. हेल्मेट, दिवे, बाकीचं सगळं त्याच्यानंतर. रावपुऱ्याच्या रस्त्यावर तर दोन्ही बाजूंना वाहनं लावलेली असतात, तिथे याला दुसरा इलाजच नाही.

रिक्षांचीही भीती वाटते म्हणालात. रिक्षाकडे बघून काही उपयोग नसतो, ती कुठे वळेल ते शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. मी फुटपाथवर उभ्या माणसांकडे बघते. पुढे कुणी हात वर केला, की माझ्या उजवीकडची रिक्षा डावीकडे येणार हे नक्की. तिथे पायडल थांबवायचं, तिला जाऊ द्यायचं. चार रस्त्यावर, म्हणजे चौकात, सिग्नलला थांबताना बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, ड्रायव्हरला ती जागा दिसत नाही आणि तो डावीकडे वळला तर आपल्याला पळायला वाट नसते. एक तर त्याच्या पुढे, जिथून त्याचा चेहरा आपल्याला दिसतो, नाहीतर सरळ मागे. आणि मोठ्या सर्कलला उजवीकडे वळायचं असेल तर मी आजही उतरते आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडते. दोन मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

मागे वळून बघताना सायकल भेलकांडते, तो सराव मात्र रस्त्यावर करायचा नाही. एखादं मोकळं मैदान बघा. एका सरळ रेषेवरून जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, तुम्ही किती बोटं दाखवलीत ते तिने सांगायचं आणि रेषा सोडायची नाही. तासाभरात जमतं.

आता वाट. आपलं बडोदं सपाट आहे, चढ लागतो तो फक्त पुलांचा. पण विश्वामित्री नदी आणि रेल्वे या दोघींनी शहर उभं कापलंय, त्यामुळे पलीकडे जायला मोजक्याच जागा आहेत आणि सगळी गर्दी तिथेच येते. अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या वाटेने, मी जात नाही. पावसात तिथे पाणी भरतं, एरवी गाड्यांची घुसाघुसी. अकोट्याचा पूल मला आवडतो. वर सोलर पॅनेल बसवल्यापासून तर मे महिन्यातही तेवढा तुकडा सावलीचा मिळतो. चढ सावकाश चढते, घाई करत नाही. पूल उतरला की मोठा रस्ता सोडून सोसायट्यांच्या आतल्या गल्ल्या धरते. स्कूटरवर होते तेव्हा या गल्ल्या मला माहीतही नव्हत्या. एकूण बावीस मिनिटं लागतात, स्कूटरला पंधरा लागायची. तुमच्या मुलीची वाट त्याहून कितीतरी लहान आहे आणि तिला पूल ओलांडायचाच नाहीये.

सायकल घ्यायला दुकानात गेलात की जाड टायरची, एकवीस गिअरची, रंगीत सायकल पुढे करतील. मुलीलाही तीच आवडेल. तिला मडगार्ड नसतो, चेनकव्हर नसतं, कॅरिअर नसतं. डोंगरात चालवायला ती चांगली. रोज दप्तर घेऊन, ओढणी सावरत, पावसाच्या चिखलातून जाणाऱ्या मुलीला ती चार महिन्यांत नकोशी होते आणि मग ती जिन्याखाली पडून राहते. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण दोष मुलीला देतात, "हौस फिटली" म्हणतात. साधी, बिनगिअरची लेडीज सायकल घ्या. पुढे-मागे मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, आणि मागच्या चाकाला जाळी, म्हणजे ओढणी आऱ्यांत जात नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. ट्यूशन सुटते तेव्हा अंधार असतो, दिव्यांवर कंजुषी करू नका.

सीटची उंची ही एक गोष्ट जवळजवळ सगळ्याजणी चुकवतात. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखले की सायकल वाईट. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, तेवढी सीट वर. थांबल्यावर एका पायाचा चवडा टेकला की पुरे. आणि दर रविवारी हवा. टायरच्या बाजूवर किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो. माझ्या पंक्चरवाल्या काकांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, सायकल जड जाते म्हणून जितक्या बायका माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्यांच्या टायरमध्ये फक्त हवा कमी असते.

उन्हाळ्यात मी दीड तास लवकर निघते आणि संध्याकाळी साडेसहानंतर परतते. पारा ४३ ला टेकला की रिक्षा. पावसाळ्यात नियम एकच. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर त्यात सायकल घालायची नाही, कितीही ओळखीचा रस्ता असो. २०१९ चा ३१ जुलै आठवतो ना, एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. आणि २०२४ च्या ऑगस्टातला पूर. विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांत आल्या होत्या. अशा दिवसांत मुलीला घरीच ठेवा, ट्यूशन बुडू दे. नुसत्या भुरभुर पावसात रिम ओल्या झाल्या की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून चार रस्ता यायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायच्या.

आणि जानेवारी. बाहेरगावच्या लोकांना हे सुचणार नाही, पण आपल्याकडे सायकलवाल्याला सगळ्यात मोठं भय त्या महिन्यात असतं. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो दिसतो, आणि काच लावलेला साधा मांजाही गळा कापतो. डिसेंबरच्या मध्यापासून मी गळ्याभोवती जाड सुती मफलर घट्ट गुंडाळते, वेग कमी ठेवते. १४ आणि १५ जानेवारीला, पतंगांच्या उत्तरायणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला, सायकल बाहेर काढतच नाही. हे तिला दटावून सांगा. इथे सवलत नको.

तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अजूनही वाटते. पूर्वी सगळ्याच रस्त्याची वाटायची. आता मला नेमकं माहीत आहे की कुठे वाटायला हवी, आणि तिथे मी उतरते, थांबते किंवा जातच नाही. बाकीच्या वाटेवर मी सकाळचा वारा खात जाते. कमाटीबागेच्या बाजूने यायचं असलं की जरा लांबून येते, तिथली झाडं बघत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी वाडीत येते. रावपुऱ्याच्या टॉवरपर्यंत जाऊ आणि परत येऊ, तेव्हा रस्ता रिकामा असतो. मुलगी पुढे, मी तिच्या मागे. तुम्हीही यायचंय, स्कूटर घरी ठेवून. माझी जुनी सायकल तुमच्यासाठी ओव्हरहॉल करून आणली आहे. तुम्ही माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या आहात, म्हणून सीट तेवढी उतरवून ठेवली आहे.