मापाचा ब्लाउज

"ताई, मापाचा आणलात ना?" असे ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शिंपीकाकांनी परवा दुपारी विचारले आणि मी पिशवीच्या तळाशी असलेला जुना, काखेत विटलेला ब्लाउज काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मी सदेह समोर उभी होते, मोजपट्टी त्यांच्या गळ्यात होती. तरीही त्यांनी माझ्याकडे न पाहता तो ब्लाउज फळीवर पसरला आणि त्याचीच छाती, मुंढा आणि बाही मोजून पावतीपुस्तकात आकडे उतरवून घेतले. त्यांच्या लेखी माझ्यापेक्षा तो ब्लाउज अधिक भरवशाचा असावा, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आईचा मापाचा ब्लाउज टू बाय टू रुबियाचा होता. मूळचा रंग मोतिया असावा. मला आठवतो तेव्हापासून त्याला कोणताच रंग नव्हता. तो ती कधी घालत नसे, किंबहुना तो तिला होतही नसे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तो वर्षभर पडून राही, आणि दिवाळीच्या आधी बाहेर निघाला की दुकानात त्याच्याविषयीच्या तक्रारींचा पाढा सुरू होई: अगदी याच्यासारखाच शिवा, पण गळा बोटभर वर घ्या, बाही किंचित सैल सोडा, मुंढ्यात हा ओढतो तसा ओढू देऊ नका, आणि आत माया भरपूर ठेवा. ज्याच्यात एवढ्या दुरुस्त्या सुचवायच्या, तो नमुना म्हणून पुढे करायचाच कशाला, हे मला लहानपणी कळत नसे. शिवून आलेला नवा ब्लाउज पुष्कळदा नीट बसे. तरीही पुढच्या वर्षी शिंप्याकडे जाई तो जुनाच. एकदा मी न राहवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "याच्या खोडी मला पाठ आहेत. नव्याच्या कुठे ठाऊक आहेत?"

मोठमोठ्या विद्वानांचेही एके काळी याहून निराळे चालले नव्हते. पॅरिसजवळच्या सेव्र येथे प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल काचेच्या झाकणांखाली, कुलपात ठेवलेला आहे. 1889 पासून पुढे तो जगाचा मापाचा ब्लाउजच होता, कारण त्याचे जे वजन भरेल त्यालाच किलोग्रॅम म्हणायचे असे ठरले होते. त्याच्या प्रती देशोदेशी वाटल्या गेल्या, आणि शंभरेक वर्षांत त्या प्रतींशी ताडून पाहिल्यावर सुमारे 50 मायक्रोग्रॅमची तफावत दिसू लागली. तफावत कोणाची, हे विचारण्याची सोय नव्हती. मूळ दंडगोल व्याख्येनेच बरोबर असल्यामुळे त्याची झीज झाली तरी बाकीचे जगच जड झाले असे म्हणावे लागले असते. अखेर 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या आकड्यावर, बेतली गेली आणि त्या दंडगोलाची या कामातून सुटका झाली. आईने एवढी कटकट केलीच नसती; तिने आपला दंडगोल दाखवून "याच्यापेक्षा किंचित कमी" असे सांगितले असते.

मूळ वस्तूकडून काम करून घ्यावे आणि तिचा फार उदोउदो करू नये, ही शिंप्याच्या दुकानातली रीत मला मनापासून पटते. आपल्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीला एक जनक नेमल्याशिवाय चैन पडत नाही. जनक, आद्य, प्रवर्तक, अग्रदूत या उपाध्या शाली-श्रीफळासारख्या तयारच असतात, आणि त्या एकदा दिल्या की त्याआधीचे सगळे पुसून जाते. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि ते मराठी रंगभूमीचे जनक ठरले. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या दीड शतक आधीपासून मराठीत नाटके लिहिली होती, ती मराठी मुलुखापासून दूर राहिली म्हणून वंशावळीबाहेर गेली. चित्रपटाचेही तेच. गिरगावातल्या ज्या कॉरोनेशनमध्ये मे 1913 मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तिथेच वर्षभर आधी दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' दाखवला गेला होता. तो नाटकाचेच चित्रण होता आणि कॅमेरा परक्या माणसाने चालवला होता हे आक्षेप मला मान्य आहेत, परंतु दरवेळी आक्षेप आधीच्याच माणसावर का घेतले जातात, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

या सगळ्या उपाध्यांत मला पूर्वसूरी हा शब्द तेवढा भावतो, कारण तो एकवचनात फारसा कोणी वापरत नाही. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी तो योजला आहे: आधीच्या कवींनी या वंशात शिरण्याचे दार करून ठेवले आहे, हिऱ्याने वेध घेतलेल्या रत्नातून दोरा जावा तसा मी जातो आहे. आपण आयत्या भोकातून चाललो आहोत हे कवीने इतक्या सहज सांगावे, आणि शिवणाऱ्या हातांना चटकन पटेल अशा शब्दांत सांगावे!

ठाणेकरांचा मात्र या बाबतीत अगदी इलाज चालत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी सुमारे 400 निमंत्रितांना घेऊन, 21 तोफांच्या सलामीत निघाली आणि 34 किलोमीटर तोडून आमच्या गावी आली, हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. त्यापूर्वी 1837 मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहणारी रेल्वे होती, आणि 1851 मध्ये रुरकीजवळ सोलानी नदीवरचा जलसेतू बांधताना माती वाहणारे वाफेचे इंजिनही धावले होते, हे आम्ही चहानंतरही सांगत नाही. दगडमातीला निमंत्रणपत्रिका जात नाहीत, त्यामुळे त्या गाड्यांना तोफाही मिळाल्या नाहीत. आमची सगळी भिस्त 'पहिली प्रवासी गाडी' यातल्या मधल्या विशेषणावर आहे, आणि ते जागेवर आहे तोवर ठाण्याच्या अभिमानाला धक्का नाही. रुरकीकरांना माती वाहणाऱ्या त्या इंजिनासाठी भांडायचे असेल तर त्यांनी खुशाल भांडावे. मी मनातून त्यांच्याच बाजूची असेन, फक्त नौपाड्यात तसे बोलून दाखवणार नाही.